न्हाणीचा दगड

दर वर्षी कॉलेज सुरू झालं की नवी पोरं माझ्या टेबलापुढे उभी राहतात आणि एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, याचा फायदा काय?" मी हिंगोलीच्या एका कॉलेजात शिकवते. राष्ट्रीय सेवा योजनेचं काम माझ्याकडे आहे. कोणीच घेत नव्हतं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं, असं स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटतं. मी ते मागून घेतलं होतं, हे मी कोणाला सांगत बसत नाही.

फायदे मला तोंडपाठ आहेत. प्रमाणपत्र मिळतं, परीक्षेत दहा गुण वाढून मिळतात, चार लोकांपुढे बोलायची भीती जाते, पुढे नोकरीच्या अर्जात एक ओळ जास्तीची लिहिता येते. अटीही पाठ आहेत. वर्षाला एकशेवीस तास काम, दोन वर्षांत दोनशेचाळीस. शिवाय एखाद्या खेड्यात सात दिवसांचं शिबिर, तिथंच राहायचं, तिथंच झोपायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. कोणत्या दिवशी काय काम केलं ते डायरीत लिहायचं आणि सही घ्यायची. आता तर कामाचा फोटोही लागतो, आणि फोटोवर जागेचा नकाशा उमटलेला लागतो. एवढं सगळं मी एका दमात सांगते. मग एखादी पोरगी हळूच विचारते, "मॅडम, शिबिराला नाही आलं तर नाही चालणार का? घरचे सोडत नाहीत." तेव्हा मला तिच्यावर रागावता येत नाही. एरवी मी रागीट म्हणून प्रसिद्ध आहे.

माझेही बाबा सोडत नव्हते. ते सेनगाव-हिंगोली रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे. दिवसभर दुनियेच्या लेकी त्यांच्या जीपमधून कॉलेजला जायच्या, पण स्वतःची लेक सात दिवस परक्या गावात राहणार म्हटल्यावर त्यांचा घास अडला. "काहून पायजे ते शिबिर? शिकायला धाडलं का दगडं फोडायला?" असं ते आईला म्हणायचे, मला नाही. आईनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बाबा स्वतःच जीपमध्ये बसवून मला शिबिराच्या गावी सोडून आले आणि परत जाताना आमच्या सरांना म्हणाले, "सर, तुमच्या भरोशावर सोडून राहिलो."

मला ते दहा गुण हवे होते. इंग्रजीनं माझी वाट लावली होती आणि बी.एड.ला जेवढी टक्केवारी लागते त्याच्या काठावर मी लोंबकळत होते. बी.एड. झालं तर शिक्षिका, नाही झालं तर लग्न, एवढा साधा हिशेब होता. शिबिराचा एक दिवस जरी बुडाला तरी प्रमाणपत्र नाही, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कोणी गैरवागणूक केली तर त्याच दिवशी घरी पाठवणार, हेही बजावलं होतं.

शिबिर सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर होतं. पस्तीस-चाळीस घरं, एक दोन खोल्यांची शाळा, खाली नाला. एका खोलीत आम्ही मुली, दुसरीत मुलं, सर व्हरांड्यात. पहाटे उठून फेरी, मग दुपारपर्यंत श्रमदान, दुपारनंतर कोणाचं तरी भाषण, संध्याकाळी गाणी. नाश्ता शाळेत व्हायचा, पण दोन वेळचं जेवण तांड्यातली माणसं घालायची. एकेका घरी एकेक जण वाटून दिला होता. माझ्या वाट्याला शेवटचं घर आलं.

त्या घरातली बाई तेव्हा पस्तिशीची असेल. नवरा आणि थोरला मुलगा ऊसतोडीला गेलेले, घरात ती आणि एक शेळी. आपसात ते लोक त्यांच्या बोलीत बोलायचे, पण माझ्याशी ती आमच्यासारखंच बोलायची. मी तिला मावशी म्हणायला लागले. पहिल्या दिवशी मी तिच्या चुलीजवळ अवघडून बसले होते. तिनं गरम भाकर आणि तुरीच्या ओल्या सोल्यांचं कालवण वाढलं आणि विचारलं, "हे दगडं उचलून तुमाला काय भेटतं?"

"दहा मार्क भेटतात, मावशी."

"अन् एक दिस न्हाई उचलले तर?"

"समदं वाया जातं."

ती पोटभर हसली. "सात दिस उचलून धा मार्क! मंग मी तर जल्मभर उचलून राहिले. मला केवढे द्यायला पायजे!"

त्या दिवसापासून ती मला "ए धा मार्क" म्हणूनच हाक मारायची. मला ते आवडायचं. घरी माझी अशी थट्टा करणारं कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हात धुवायला मी तिच्या न्हाणीत गेले तर पाय चिखलात रुतला. ताट्यानं आडोसा केलेली न्हाणी, भोवतीनं फरशीचे तुकडे, आणि मधे जिथं बसून अंघोळ करायची तिथं नुसता खड्डा. मी आतूनच ओरडले, "मावशी, इथला दगड कुठं गेला?"

"नेला एका कामाला," ती म्हणाली. थोड्या वेळानं, मी जेवायला बसल्यावर, तिनं विषय नसताना सांगितलं की थोरल्याच्या पाठीवर एक पोरगी झाली होती, दोन वर्षांची होऊन तापात गेली. मी "अरेरे" म्हटलं आणि कालवण मागून घेतलं. विसाव्या वर्षी दुसऱ्याचं दुःख ऐकून घेण्याची माझी तेवढीच अक्कल होती.

आमचं मुख्य काम होतं नाल्यावर दगडी बंधारा घालणं. पाणी अडलं की तांड्याच्या विहिरीला उन्हाळ्यात आधार होणार होता. सरांनी आमचे गट पाडले आणि सगळ्यात जास्त दगड आणणाऱ्या गटाच्या प्रमुखाला उत्कृष्ट स्वयंसेवकाचं बक्षीस जाहीर केलं. मुलींच्या एका गटाची प्रमुख मी होते. मुलांनी पहिल्या चार दिवसांत आसपासचे सगळे मोठे दगड उचलून नेले आणि आम्हाला चिडवायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी मी हट्टानं गटाला नाल्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. तिथं एका बाभळीखाली दगडांचे लहान लहान सहा-सात ढिगारे होते, कोणीतरी व्यवस्थित रचून ठेवलेले.

मी ओरडले, "आयतेच रचलेत गं! उचला!"

तांड्यातली माणसं तुरीच्या काढणीला शिवारात होती. आम्हाला हटकायला कोणी नव्हतं. आम्ही पोरी ओळ करून उभ्या राहिलो आणि हातोहात दगड खाली देत गेलो. एका ढिगाऱ्यावर सगळ्यात वर एक काळा सपाट दगड होता. बाकीचे ओबडधोबड, हा मात्र वापरून वापरून गुळगुळीत झालेला. त्याच्याखाली मातीत एक काळ्या मण्यांची मनगटी अडकली होती, तान्ह्या लेकराच्या हाताला बांधतात तसली. मी ती उचलली आणि खिशात टाकली.

आता मी इथं थांबून खरं काय ते लिहिते. आमच्या गावातही लहान लेकरं जाळत नाहीत, पुरतात. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचतात. मी लहानपणी ते पाहिलेलं होतं. मनगटी हातात आल्यावर मला अर्धं कळलं होतं. न्हाणीतला खड्डाही मला आठवला होता. पण निम्मे ढिगारे तोवर खाली गेले होते, आमचा गट पुढे चालला होता, आणि थांबलो असतो तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं. म्हणून उरलेलं अर्धं मी कळू दिलं नाही. तो काळा दगड मी स्वतः उचलून नेला आणि बंधाऱ्याच्या मधोमध, खालच्या थरात बसवला. सरांनी तिथं सपाट दगड मागितला होता. त्यावर दुपारपर्यंत दोन थर चढले.

सातव्या दिवशी पाहुणे येऊन बंधाऱ्याचा नारळ फोडणार होते. माझा योजनेचा पांढरा ड्रेस चिखलानं भरला होता. सहाव्या दिवशी सकाळी मावशी म्हणाली, "दे इकडं, धुवून ठिवते. उद्या सायेब लोकांपुढं अशी जाशील का?" मी ड्रेस देऊन कामाला गेले. खिशात मनगटी आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

त्या दुपारी शाळेत भाषण चालू असताना मावशी व्हरांड्याशी येऊन उभी राहिली. तिच्या पायांना नाल्याचा गाळ लागला होता. ती सरांना म्हणाली, "बाभळीखालची दगडं कोनी नेली?"

सरांना काही उमगेना. तांड्याचे नायक भाषण ऐकायला बसले होते, ते उठून तिच्याशी त्यांच्या बोलीत बोलले, मग सरांच्या कानाशी लागले. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी आमच्याकडे वळून विचारलं, "कोणत्या गटानं आणले वरच्या अंगाचे दगड?"

माझ्या गटातल्या पोरी माझ्याकडे बघत होत्या आणि मी फळ्याकडे बघत होते. माझ्या डोक्यात फक्त बाबांची जीप होती. सहाव्या दिवशी बाबांना बोलावून घेतलं, मी पिशवी घेऊन जीपमध्ये बसले, आणि घरापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, असं सगळं मला दिसत होतं. नायक म्हणाले, "जाऊ द्या सर, लेकरांकडून नकळत झालं. बंधारा आमच्याच भल्याचा हाय. आता उकलून काय करता." मावशीनं आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि ती निघून गेली.

संध्याकाळी तिच्याकडे जेवायला जायला माझे पाय निघत नव्हते. गेले नाही तर संशय येईल म्हणून गेले. चूल पेटलेली होती. खाटेवर माझा ड्रेस घडी करून ठेवलेला होता. ती भांडं आणायला आत गेली तसा मी खिसा चाचपला. मनगटी जागच्या जागी होती. मातीचा कणही तिच्यावर नव्हता. कपड्याबरोबर आपसूक धुतली गेली असणार, हिनं पाहिलीच नाही, असं मी मनाला समजावलं. माझा जीव भांड्यात पडला, हे लिहायला आज लाज वाटते.

तिनं भाकर वाढली. मी पहिला घास घेतला तेव्हा तिनं चुलीकडे बघत विचारलं, "तू व्हती का गं तिथं, बाभळीखाली?"

"न्हाई मावशी. आमचा गट खालच्या अंगाला होता."

तिनं उठून शिंक्यातली वाटी काढली आणि माझ्या भाकरीवर तूप घातलं. "खा," म्हणाली. "उद्या जाशील."

सातव्या दिवशी नारळ फुटला, फोटो झाले, भाषणं झाली. उत्कृष्ट स्वयंसेविका म्हणून माझं नाव पुकारलं गेलं. बाबा न्यायला आले होते, मागे उभे राहून जोरजोरात टाळ्या वाजवत होते. गर्दी पांगल्यावर मावशी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुझी नजर चांगली हाय. एक काळा दगड हाय, चापट, न्हाणीतला. बघ जरा, दिसतो का."

आम्ही दोघी बंधाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. ती वाकून एकेक दगड बघत होती, मीही वाकून बघितल्यासारखं करत होते. आम्ही मधोमध आलो. तिथं मी उभी राहिले आणि म्हणाले, "दिसत न्हाई मावशी."

"बरं," ती म्हणाली. "तुझे बाबा वाट बघून राहिले. जा."

पुढचं सगळं फायद्यांच्या यादीत बसणारं आहे. दहा गुण मिळाले आणि त्यातल्या चारांनीच मला काठावरून आत ओढलं. बी.एड. झालं, मग एम.ए., मग ही नोकरी. बाबांनी ते प्रमाणपत्र काच लावून भिंतीवर टांगलं होतं, ते गेले तोपर्यंत तिथंच होतं. ते मला दाखवायचे, पाहुण्यांना दाखवायचे. मनगटी मी एका जुन्या डबीत ठेवली होती. टाकून देता आली नाही आणि परत नेऊन देण्याची हिंमतही झाली नाही. सेनगावकडे जाताना त्या तांड्याचा फाटा आला की मी पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघायची. अशी अठरा-एकोणीस वर्षं गेली. माझी मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा एका दुपारी तिला न्हाऊ घालताना मी अशी रडायला लागले की नवरा घाबरून धावत आला. मी त्यालाही काही सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शिबिरासाठी गाव बघायचं होतं. कोणीतरी त्या तांड्याचं नाव सुचवलं. मी "बघून येते" म्हटलं आणि रविवारी एकटीच गाडी काढून गेले. पर्समध्ये डबी होती.

शेवटचं घर आता सिमेंटचं झालं आहे. ती दारात बसून लसूण सोलत होती. केस पांढरे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं हात डोळ्यावर धरून बघितलं आणि म्हणाली, "धा मार्क?"

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. सून पाणी देऊन गेली. मी इकडचं तिकडचं बोलायचं ठरवून आले होते, ते काही जमलं नाही. मी डबी उघडून मनगटी तिच्यापुढे धरली.

"मावशी, ती दगडं माझ्याच गटानं नेली. मीच दाखवली पोरींना. मी खोटं बोलले तुमच्याशी."

तिनं मनगटी घेतली. बोटांनी मणी चाचपले. "धुतली व्हती मी," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"तुझा डरेस धुताना खिशात घावली. तशीच पळत गेले बाभळीखाली. मंग शाळंत आले. मंग घरी येऊन हिला धुतली, वाळवली, अन् तुझ्याच खिशात ठिवली."

"मग तुमी सरांना काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुला घरी धाडलं असतं. तूच म्हनली व्हती, एक दिस गेला तर समदं वाया." तिनं लसणाची टरफलं पदरावरून झटकली. "वाटलं, आपल्या तोंडानं सांगशील. जेवताना इचारलं. बंधाऱ्यावर इचारलं."

मी रडत होते. ती मला गप्प करायला पुढे आली नाही, आणि त्याचं मला बरं वाटलं.

"दगड मागत नव्हते मी," ती म्हणाली. "पानी आमच्याच हिरीला आलं. राग न्हाई त्याचा. तो कुठं हाय, तेवढं बोट दावायचं व्हतं गं. दगडं गेल्यावर पावसात बाभळीखालची जागा सपाट झाली, म्हनून दर आवसेला दूध घेऊन बंधाऱ्यावर जायची मी. कोनचा दगड तेच ठावं न्हाई. मंग या टोकापासून त्या टोकापातूर थेंब थेंब टाकत जायची. लोकं म्हनायचे, ही बंधाऱ्याची पूजा करती."

मी डोळे पुसून उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी करता येण्यासारखं होतं. "चला मावशी, मी दाखवते. मला पक्कं माहीत आहे. मीच बसवला होता."

ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. मग माझ्या खांद्याला धरून उठली. "चल," म्हणाली.

नाल्याच्या काठावर आलो आणि मी थांबले. बंधारा नव्हताच. मशीननं नाला खोल आणि रुंद केला होता. दोन्ही काठ सरळ कापलेले, तळाशी हिरवट पाणी. बाभळ नव्हती, नाल्याचं वळण नव्हतं.

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "दगडं रस्त्याच्या भरावात नेली म्हनत्यात. आता काठावरूनच टाकते दूध. कुठं व्हता गं तो?"

मी शाळेची दिशा बघितली, विहीर बघितली, पावलं मोजून पाहिली. मला काहीसुद्धा ओळखू येईना. जी जागा मी इतकी वर्षं रोज डोळ्यांपुढे बघत होते ती जमिनीवर कुठेच नव्हती. मावशी मनगटी मुठीत धरून माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

मी हात वर केला आणि पाण्यातल्या एका जागेकडे बोट केलं. "तिथं. बरोब्बर मधोमध."

मला माहीत नव्हतं. तिच्याशी मी तिसऱ्यांदा खोटं बोलत होते.

तिनं त्या बाजूला तोंड करून हात जोडले. मग पदर सावरून माझ्याकडे वळली.

"बरं झालं पोरी," ती म्हणाली, "दावलं तू."